ट्रिम −६ टक्केच, तरी पूर्ण थ्रॉटलला नॉक: इंटेक, इंजेक्टर, डाउनपाइप बदलल्यावर रिट्यून कुठून सुरू करायचं?

तिसरागिअर

१.८ लिटर टर्बो पेट्रोल, पोर्ट इंजेक्शन, मॅफवर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) चालणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर). बदललेलं सामान: मॅफचा पाइप ७० मिमीऐवजी ७६ मिमी (सेन्सर मूळचाच, नव्या पाइपात बसवलेला), इंजेक्टर ४४० ऐवजी ५५० सीसी, ३ इंची डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर. टर्बो मूळचा. मॅप (ईसीयूतले इंधन, टायमिंग, बूस्टचे तक्ते) अजून कंपनीचाच आहे.

स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयूने शिकलेली पेट्रोलची दुरुस्ती, टक्क्यांत) आयडलिंगला +४ ते +५, स्थिर ८० च्या वेगाला −६. आयडलिंगला आरपीएम ७०० ते ९५० मध्ये वरखाली होतो. पूर्ण थ्रॉटल दिला की ३५०० च्या पुढे नॉक करेक्शन (मिश्रण आपोआप धडाक्याने पेटलं की ईसीयू टायमिंग मागे घेतो ते) −४ अंशांपर्यंत जातं आणि ४२०० च्या आसपास इंजिन झटका मारून मान टाकतं. कोड पी०२३४, म्हणजे बूस्ट हद्दीपलीकडे.

ट्रिम १० च्या आत आहेत, म्हणजे ईसीयूने स्वतःच जुळवून घेतलंय असं धरायचं का? बॅटरी काढून रीसेट केलं तर उरलेलं तो शिकेल का? आणि रिट्यून करायचंच असेल तर आधी काय: इंधन, टायमिंग (ठिणगीची वेळ) की बूस्ट (टर्बोचं प्रेशर)?

लॅम्डावाला

तो −६ फसवा आहे. दोन चुका एकमेकींना झाकतायत.

७६ चा वर्ग भागिले ७० चा वर्ग, उत्तर १.१८. म्हणजे सेन्सरच्या त्याच व्होल्टेजला आता १८ टक्के जास्त हवा आत जातेय, आणि ईसीयूच्या टेबलात आकडा जुनाच. दुसरीकडे इंजेक्टर २५ टक्के मोठे, म्हणजे तेवढ्याच वेळेत १.२५ पट पेट्रोल. १.२५ भागिले १.१८ करा, १.०६ येतं. सहा टक्के जास्त पेट्रोल, म्हणून ट्रिम −६. इंजेक्टर बदलले नसते तर तोच ट्रिम +१८ दिसला असता आणि तुम्ही लगेच सावध झाला असता.

पेट्रोलचा हिशेब असा जुळून आला, पण लोडचा (इंजिन फेऱ्यामागे किती हवा घेतंय) नाही जुळत, आणि तुमचं सगळं दुखणं तिथंच आहे. समजा खरी हवा सेकंदाला १८० ग्रॅम आणि आरपीएम ६०००. सेकंदाला १०० फेरे, म्हणजे फेऱ्याला १.८ ग्रॅम. ईसीयूला दिसतात १.५३. टायमिंगच्या टेबलात तो १.८ ची ओळ सोडून १.५ ची ओळ वाचतो, आणि हलक्या लोडच्या ओळीत अ‍ॅडव्हान्स जास्त असतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते. भरलेल्या सिलिंडरला कमी भरलेल्याचं टायमिंग मिळालं की नॉक होणारच. नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढतो खरा, पण नॉक झाल्यावर. दर वेळी पहिला फटका पिस्टनला बसतोच.

बूस्टचंही तेच. तुमचा ईसीयू लोडचं लक्ष्य धरून वेस्टगेट (टर्बाइनला टाळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) चालवत असेल तर त्याला वाटतं लोड अजून भरला नाही, म्हणून तो वेस्टगेट बंद धरून ठेवतो. त्यात मोकळा डाउनपाइप, टर्बो आधीपेक्षा लवकर फिरतो. प्रेशर हद्दीपलीकडे गेलं की पेट्रोल तोडून पी०२३४.

रीसेटने फक्त शिकलेला ट्रिम पुसला जातो. नंतर तो पुन्हा तेच −६ शिकेल. पाइपाचा व्यास आणि इंजेक्टरचा आकार हे ईसीयू कधीच शिकत नाही, ते आपण लिहून द्यावं लागतं. शिवाय पूर्ण थ्रॉटलला बहुतेक मूळ ईसीयू ओपन लूपमध्ये जातात, तिथे ऑक्सिजन सेन्सर बघून दुरुस्ती होतच नाही.

आयडलिंगचा +५ म्हणजे इंजेक्टरचा डेड टाइम. विजेचा सिग्नल मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंतचा वेळ. जुन्याचा १४ व्होल्टला ०.९ मिलिसेकंद आणि नव्याचा १.०५ धरला तर फरक ०.१५. आयडलिंगला पेट्रोल खरंच पडतं तो वेळ जेमतेम १.५, त्यातले ०.१५ गेले म्हणजे १० टक्के गेलं. वरचे ६ टक्के जास्त पेट्रोल त्यातून वजा केलं की उरतो तो +४-५. क्रूझला पल्स लांब असते, तिथे हाच फरक कमी जाणवतो, आणि पूर्ण लोडच्या १४-१५ मिलिसेकंदांत तर विरघळूनच जातो. म्हणून आयडलिंगला एक ट्रिम आणि क्रूझला दुसरा.

नटबोल्ट

हिशेब बरोबर, पण लॅपटॉप उघडायच्या आधी पाना हातात घ्या. गळक्या इंजिनावर केलेला मॅप गळती बुजवली की चुकतो.

कंप्रेसरच्या तोंडाला बूच लावून ०.७ ते १ बार हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. मॅफच्या पुढे गळती असेल तर बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. आयडलिंगला त्याच भोकातून न मोजलेली हवा आत येते आणि लीन (पेट्रोल कमी) होतं. एकच भोक, लक्षणं उलटी. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर पीसीव्ही वाल्व (क्रँककेसची हवा काढणारा) बघा.

प्लग एक पायरी थंड घ्या. एनजीकेमध्ये ६ चा ७. बॉशचे आकडे उलटे चालतात, तिथे लहान आकडा म्हणजे थंड. गॅप ०.७ मिमी. मूळचा १.० किंवा १.१ ठेवला तर वाढलेल्या प्रेशरखाली ठिणगी विझते, मिसफायर होतो, आणि न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो. वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) त्याला लीन म्हणतो. लोक मग पेट्रोल वाढवतात आणि मिसफायर आणखी वाढतो.

रेल प्रेशर (इंजेक्टरकडे येणाऱ्या पेट्रोलचं) गेज लावून बघाच. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३ बार असेल तर १ बार बूस्टला ४ बार दिसायला हवं (रिटर्नलेस सिस्टीमला हा नियम नाही). ३.६ ला अडकलं तर पंप कमी पडतोय. इंजेक्टरला मिळणारा फरक ३ चा २.६ झाला की प्रवाह वर्गमुळाच्या हिशेबाने ७ टक्के घटतो, आणि तोही नेमका पूर्ण लोडला.

आणखी एक. डाउनपाइप कुठे घासत नाही ना, ते खालून बघा. हीटशील्डच्या कडेवर किंवा क्रॉसमेंबरवर चकाकणारा, रंग उडालेला पट्टा दिसला तर तो आवाज नॉक सेन्सरपर्यंत पोचतो. −४ मधले एक-दोन अंश तिथले असू शकतात.

चारनंबर

क्रम विचारलात म्हणून: आधी मोजमाप, मग इंधन, मग बूस्ट, टायमिंग सगळ्यात शेवटी. मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. फ्लॅश करताना बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या, मध्येच व्होल्टेज पडला तर ईसीयू उठत नाही.

पहिल्या फाइलमध्ये दोनच बदल. इंजेक्टरचा प्रवाह आणि डेड टाइमचा पूर्ण तक्ता (८ ते १६ व्होल्ट, उत्पादकाचा) भरा, आणि मॅफचं अख्खं टेबल १.१८ ने गुणा. ही फक्त सुरुवात आहे. नव्या पाइपात सेन्सरपुढचं वळण जवळ आलं असेल तर हवा सरळ येत नाही आणि कर्व्ह सगळीकडे सारखा सरकत नाही. मग आयडलिंग आणि क्रूझचा लॉग घेऊन मॅफच्या प्रत्येक व्होल्टेजपाशी सरासरी ट्रिम काढा आणि तेवढीच दुरुस्ती त्याच जागी करा. २.१ व्होल्टला +४ दिसला तर तो खाना १.०४ ने गुणायचा. ट्रिम ±३ मध्ये येईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका. तेल लावलेला फिल्टर असेल तर आधी सेन्सरची तार क्लीनरने धुवा, नाहीतर तेलाचा थर ट्यून कराल.

पूर्ण थ्रॉटलचं काम डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), किंवा बंद ट्रॅकवर. रस्त्यावर नाही. वाइडबँड टर्बाइनच्या पुढे साधारण ५०-६० सेंमीवर, आडव्या रेषेच्या वर तिरका बसवा, म्हणजे पाणी त्याच्यावर साचत नाही. आकडे लॅम्डात वाचा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच). गेज एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) दाखवताना १४.७ धरून चालतो, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा खरा आकडा त्याहून खाली असतो. लॅम्डाला ती भानगड नाही.

पहिले पुल (पूर्ण थ्रॉटलच्या चाचण्या) वेस्टगेट सोलेनॉइडची ड्यूटी (किती टक्के वेळ चालू) शून्यावर ठेवून, म्हणजे फक्त स्प्रिंगचं बूस्ट. लोडच्या वरच्या ओळींमध्ये टायमिंग मूळपेक्षा ३-४ अंश कमी. लक्ष्य लॅम्डा ०.८०, मोजलेला ०.८४ आला तर त्या भागाला १.०५ ने गुणा. इंजेक्टरची ड्यूटीही बघत राहा: पल्स मिलिसेकंदात गुणिले आरपीएम, भागिले १२००. ६५०० ला १५ मिलिसेकंद म्हणजे ८१ टक्के. ८५ च्या पुढे नको.

मग सोलेनॉइडची ड्यूटी पाच-पाच टक्क्यांनी वाढवा. शून्य ड्यूटीलाही रेडलाइनकडे जाताना बूस्ट चढतच असेल तर तो बूस्ट क्रीप. तो मॅपने जात नाही, वेस्टगेटचं भोकच कमी पडतंय. पी०२३४ ची हद्द वाढवून मोकळं होणं हा सगळ्यात वाईट उपाय.

टायमिंग शेवटी, एकेक अंश. डायनोवर टॉर्क वाढायचा थांबला की तिथे थांबा, नॉक आला नसला तरी. पुढचा अंश ताकद देत नाही, फक्त प्रेशर वाढवतो. सगळ्यात जपायची जागा जास्तीत जास्त टॉर्कची, तुमच्याकडे ३५०० ते ४५००. इनटेक हवेचं तापमान दर पुलला नोंदवा; ५० अंशांवर घेतलेला लॉग आणि ३० वर घेतलेला एकमेकांशी ताडू नका.

तिसरागिअर

म्हणजे मॅफ ७० च्या मूळ पाइपात परत बसवला तर निम्मी डोकेदुखी जाईल?

लॅम्डावाला

जाईल, आणि टर्बो मूळचा असताना तेच शहाणपणाचं. फक्त रेडलाइनला मॅफचा व्होल्टेज बघा. ५ ची हद्द असलेल्या सेन्सरवर तो ४.७ च्या आत राहिला तर ७६ मिमीची गरजच नाही. ५ ला टेकला तर मात्र वरची हवा दिसतच नाही, तिथे मोठा पाइप आणि नवा कर्व्ह हाच मार्ग. पाइप बदलल्यावर क्रूझचा ट्रिम −२० च्या आसपास गेला तर दचकू नका. इंजेक्टरची खरी चूक आता उघडी पडली. ४४० भागिले ५५० म्हणजे ०.८.

नटबोल्ट

स्टार्टिंगचं टेबलही बघून घ्या. ते मिलिग्रॅममध्ये असेल तर इंजेक्टरचा प्रवाह बदलल्यावर आपोआप जुळतं. मिलिसेकंदांत असेल तर प्रत्येक खाना ०.८ ने गुणावा लागतो. हे राहिलं की गरम इंजिन एका सेल्फला चालू होतं आणि सकाळी थंडीत सेल्फ मारत बसावं लागतं. काढून बघितले तर प्लग पेट्रोलने ओले.