गोळी देतानाच इच्छेबद्दलही सांगायला नको का?

वैदर्भी, मानेवाडा
गर्भनिरोधक गोळी सुरू करताना मळमळ, डोकेदुखी, वजन एवढंच सांगतात. इच्छा कमी होऊ शकते, कोरडेपणामुळे संबंधाच्या वेळी दुखू शकतं, हे कोणीच बोलत नाही. माझ्या बहिणीला वाटायचं आपल्यातच काही खोट आहे. नवऱ्याला वाटायचं हिचं मन उडालं. दोघं एका खाटेवर पाठ करून झोपायचे. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तेव्हा फरक पडला. हे आधीच सांगायला हवं.

इतवारीची सिस्टर
ओपीडीत रोज बायकांशी बोलते म्हणून लिहिते. असं काही ऐकलं की बाई गोळी फेकून देते अन् नको असताना दिवस जातात. बहुतेकींना इच्छेत फरक जाणवतही नाही. काहींची तर वाढते, कारण धास्ती जाते. थोड्या जणींसाठी सगळ्यांना काहून घाबरवायचं?

वैदर्भी
थोड्या असतील, पण त्यांचा त्रास खरा आहे ना ताई! गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृतात एक प्रथिन जास्त बनतं, ते टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे इच्छेशी ज्याचा संबंध जोडतात त्या संप्रेरकाला, धरून ठेवतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं.

धंतोलीकर
अहो, दोन खोल्यांचं घर, पडद्यापलीकडे सासू, दिवसभराचा थकवा. इच्छा कुठून येणार? सगळं खापर गोळीवर नको.

इतवारीची सिस्टर
खरं आहे. टेस्टोस्टेरॉन घटलं म्हणजे इच्छा घटलीच, असंही दिसत नाही. तांबीत संप्रेरक नसतं, पण पाळीत रक्तस्राव वाढतो, पोट दुखतं. ‘छाया’ ही आठवड्याची गोळीही बिनसंप्रेरकाची. ‘अंतरा’ या संप्रेरकाच्या इंजेक्शनबद्दल मात्र वैदर्भीचं पटतं. त्याचा असर तीन महिने राहतो, मधेच काढून टाकता येत नाही. तिथे आधीच सांगावं.

महालचा वाचक
ऑपरेशन झालं की बाई थंड पडते म्हणतात, ते?

इतवारीची सिस्टर
नाही हो. फक्त नळ्या बंद करतात, अंडाशय तसंच काम करत राहतं.

वैदर्भी
अन् तुम्हा पुरुषांच्या नसबंदीचं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं, पुरुष नसबंदी 0.3 टक्के! नसबंदीने ताकद जात नाही, तरी त्या भीतीपायी पुरुषांना सूट. बाईला मात्र साधं विचारतही नाहीत.

इतवारीची सिस्टर
हे मान्य. पण पहिल्याच दिवशी नको. तीन महिन्यांनी परत येते तेव्हा मी विचारीन.

वैदर्भी
जिला त्रास होतो ती परत येतच नाही, ताई. गोळी बंद करून घरी बसते.