पुन्हा वापरायचे स्केच मध्यावर आणि पूर्ण कन्स्ट्रेन केलेले कसे ठेवावे?

प्रश्न

नेमा १७ या आकाराच्या स्टेपर मोटरच्या छिद्रांचे एक स्केच मी फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये तयार करून ठेवले आहे. त्यात मध्यभागी २२ मि.मी. व्यासाचे वर्तुळ आहे आणि भोवती ३१ मि.मी. बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर एम३ स्क्रूंची चार छिद्रे आहेत. स्केच फुल्ली कन्स्ट्रेन्ड, म्हणजे मापे आणि अटी (कन्स्ट्रेंट) यांनी पूर्ण बांधलेले दिसते. तरीही नेमा २३ या मोठ्या आकारासाठी ३१ च्या जागी ४७.१४ हे माप टाकले, की चौरस फक्त उजवीकडे आणि वरच्या बाजूला वाढतो, मधले वर्तुळ मात्र जागेवरच राहते. दोन्ही अक्षांभोवती सिमेट्री लावून पाहिल्यास रिडंडंट (अनावश्यक) कन्स्ट्रेंटची सूचना येते. शिवाय हे स्केच दुसऱ्या पार्टच्या पृष्ठावर बसवले असता ते पृष्ठाच्या मध्यावर येत नाही. माप बदलले तरी केंद्र ढळू नये, यासाठी काय करावे?

उत्तर १

वर्णनावरून असे दिसते, की आपण चौरसाचा खालचा डावा कोपरा ओरिजिनपासून (स्केचच्या शून्यबिंदूपासून) आडव्या आणि उभ्या १५.५ मि.मी. अंतरावर बांधला आहे. अशा स्केचमध्ये एकही डिग्री ऑफ फ्रीडम (हलण्याची किंवा बदलण्याची मोकळीक) उरत नाही, म्हणून ते पूर्ण दिसते. परंतु त्यात केंद्राचा कुठेही उल्लेख नाही, आहे तो ३१ च्या निम्म्याचा आकडा, आणि ३१ बदलल्याचे त्या आकड्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

ती दोन्ही अंतरे काढून टाका. चौरसाच्या रेषा कन्स्ट्रक्शन (फक्त मदतीच्या) प्रकारच्या करा, समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, शेवटी ओरिजिन निवडा आणि सिमेट्रिक कन्स्ट्रेंट लावा. हिशेब असा: कोपरे जोडलेल्या आणि आडव्या-उभ्या कन्स्ट्रेंट असलेल्या आयताला चार डिग्रीज ऑफ फ्रीडम उरतात. या एका सिमेट्रीने त्यातील दोन जातात, लगतच्या दोन बाजू इक्वल केल्याने तिसरी आणि ३१ च्या मापाने चौथी. चार छिद्रांच्या मिळून बारा असतात. केंद्रे कोपऱ्यांवर कोइन्सिडंट (एकाच बिंदूवर) केली की आठ जातात, त्रिज्या परस्परांशी इक्वल केल्या की तीन आणि एका त्रिज्येला माप दिले की उरलेली एक.

रिडंडंटच्या सूचनेचे कारणही याच हिशेबात आहे. वरच्या बाजूची दोन टोके उभ्या अक्षाभोवती सिमेट्रिक केली, की ती बाजू आपोआप आडवी होते. आयताच्या टूलने तिला आडवेपणाचा कन्स्ट्रेंट आधीच दिलेला असतो, त्यामुळे तीच अट दोनदा लागते.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. पृष्ठाच्या मध्याबद्दल थोडे लिहितो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

सपाट पृष्ठावर स्केच बसवले, की स्केचचा ओरिजिन त्या पृष्ठाच्या मध्यावर येईल, असे अनेकजण गृहीत धरतात. सामान्यतः तिथे पार्टच्या मूळ ओरिजिनचे प्रक्षेपण येते. पार्टच ओरिजिनभोवती समतोल काढलेला नसेल, तर स्केच बाजूला पडणारच. अशा वेळी आतील भूमिती सरकवण्याचा किंवा तिला पृष्ठाच्या कडांशी बांधण्याचा मोह टाळावा, कारण त्या कडा दुसऱ्या पार्टमध्ये नसतात आणि संदर्भ तुटतो. भूमिती कायम स्वतःच्या ओरिजिनशीच बांधलेली ठेवावी आणि जागा बदलायची असल्यास अटॅचमेंट ऑफसेटमधून (पृष्ठावरील स्केचची जागा सरकवणाऱ्या मापांतून) संपूर्ण स्केच हलवावे. ऑफसेटच्या रकान्यात पार्टच्या मापांवर आधारित एक्स्प्रेशन (सूत्र) लिहिता येते, त्यामुळे प्लेट मोठी झाली तरी स्केच तिच्या मध्यावर राहते.

एकाच डॉक्युमेंटमध्ये वापर असेल, तर एका स्केचची प्रत दुसऱ्या स्केचमध्ये आणणाऱ्या कार्बन कॉपीचा विचार करावा. तिच्यात कन्स्ट्रेंटही येतात आणि मापे मूळ स्केचच्या मापांशी एक्स्प्रेशनने जोडलेली राहतात. मात्र आपल्याला एकीकडे नेमा १७ आणि दुसरीकडे नेमा २३ हवे असल्यास ही जोडणीच आड येईल.

मूळ प्रश्नकर्ता

समोरासमोरच्या कोपऱ्यांची सिमेट्री लावली आणि ४७.१४ टाकल्यावर चौरस चारही बाजूंना सारखा वाढला. आभारी आहे. आता याच पद्धतीने प्लेटची बाह्यरेषा काढली आहे, परंतु कोपऱ्यांना फिलेट (गोलाई) देताच ती पुन्हा सैल होते. तिला ब्लॉक कन्स्ट्रेंट लावावा का?

उत्तर १

ब्लॉक लावू नये. त्याने रेषा आहे त्या जागी गोठते, स्केच पूर्ण दिसते, आणि पुढच्या वेळी माप बदलताना तेच आड येते. फिलेट दिल्यावर मूळ कोपऱ्याचा बिंदू नाहीसा होतो आणि त्याला लावलेली सिमेट्रीही त्याच्याबरोबर जाते, म्हणून बाह्यरेषा सैल झाली. स्केचरच्या फिलेटमध्ये कोपरा जपण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. मी स्वतः स्केचमध्ये कोपरे टोकदारच ठेवतो आणि पॅड झाल्यावर (स्केचला जाडी दिल्यावर) घनाकृतीच्या कडांना फिलेट देतो. स्केचमध्ये कन्स्ट्रेंट कमी राहतात आणि गोलाईची त्रिज्या पार्टनुसार वेगळी ठेवता येते.