कॅमेरा हाती आलाय, शिकायला सुरुवात कुठून करू? (सातारा)

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. भावाने नवा कॅमेरा घेतला आणि त्याचा निकॉन डी५६०० माझ्याकडे आला, सोबत १८-५५ची लेन्स. आजवर मी मोबाइलवरच फोटो काढलेत. कॅमेरा ऑटोवर टाकला की फोटो येतो, पण त्याने काय ठरवलं आणि का ठरवलं ते कळत नाही. मला ते समजून घ्यायचंय.

मनात दोन गोष्टी आहेत. एक, सप्टेंबरात कासच्या पठारावरची फुलं. दुसरी, माझी आजी. ती दुपारभर जुन्या घराच्या माजघरात वाती वळत बसते. उजेड खिडकीतून येईल तेवढाच. फ्लॅश मारला की ती डोळे मिटते, नाही मारला तर हात हललेले येतात. तिचं वय झालंय, हे फोटो मला मनापासून हवेत.

क्लास लावू का? आणखी लेन्स लागेल का? आणि मॅन्युअल मोडवरच, म्हणजे सगळं स्वतः ठरवत शिकावं म्हणतात, ते खरं का?

संगममाहुली
ताई, मॅन्युअलची घाई करू नका. डायल 'ए'वर ठेवा. त्यात ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, तुम्ही ठरवता. शटर स्पीड, म्हणजे तो उजेड किती वेळ आत येतो ते, कॅमेरा बसवतो. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, सध्या स्वतः ठेवा, बाहेर उन्हात १०० किंवा २००. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तिन्ही एकदम फिरवायला लागलं की फोटो कशाने बिघडला तेच कळत नाही.

एफचा आकडा उलटा वाटतो. फोकल लेंग्थला (तुमच्या लेन्सवरचा १८ ते ५५ एमएम हा आकडा) छिद्राच्या व्यासाने भागून तो येतो, म्हणून आकडा लहान तर छिद्र मोठं. एफ/५.६ वरून एफ/८ केलं की उजेड निम्मा होतो आणि कॅमेरा शटर १/५००चं १/२५० करून ती भरपाई करतो. यालाच एक स्टॉप म्हणतात. एवढं अंगवळणी पडलं की पुढचं बरंच सोपं जातं.

सरावाला अजिंक्यताऱ्यावर सकाळी जा. गडावरून शहराकडे तोंड केलं की तुमचं तोंड उत्तरेला, त्यामुळे ऊन उजवीकडून येतं आणि घरांना, झाडांना सावलीची बाजू मिळते. लेन्स ५५वर ठेवून जवळच्या एखाद्या फांदीवर फोकस करा, मागे शहर राहू द्या. एफ/५.६, एफ/११, एफ/२२ असे तीन फोटो काढा. घरी मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून बघा. मागचं शहर कसं स्पष्ट होत जातं ते दिसेल. एफ/२२वर बारकावे थोडे मऊ पडल्याचंही दिसेल, ते डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे फार लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो म्हणून. म्हणून 'सगळं स्पष्ट हवं' म्हणून कायम एफ/२२ लावू नये, एफ/८ ते ११ बहुतेक वेळा पुरतं.

महिनाभराने लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर जा. १७१९ ते १७२४ मधलं बांधकाम, आणि उजेड-अंधार शिकायला आपल्या भागात याहून चांगली जागा मला माहीत नाही. कमानीखाली काळोख, वर आकाश पांढरंफेक. दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत, कशाला सांभाळायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं. हे ठरवणं म्हणजेच एक्स्पोजर. मी आधी आकाश सांभाळतो, कारण पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर परत आणता येत नाही, काळोख मात्र थोडाफार उजळता येतो.

माचीपेठ
आजींच्या फोटोबद्दल लिहितो, कारण ते आधी व्हायला हवेत. खिडकीतून येतो तेवढाच उजेड, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण चेहऱ्यासाठी तोच सर्वात चांगला! आजींना खिडकीपासून दोन-तीन हातांवर, खिडकी एका बाजूला येईल असं बसवा. पाठीमागे खिडकी नको. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर गालाची एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट येते.

हात हललेले येतात ते शटर मंद पडतं म्हणून. लेन्समधलं व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरतं, आजींच्या बोटांची हालचाल नाही. तेव्हा शटर १/१२५च्या खाली जाऊ देऊ नका. मेनूत ऑटो आयएसओमध्ये किमान शटर १/१२५ आणि कमाल आयएसओ ६४०० लावून ठेवा. आयएसओ चढला की फोटोत दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार फोटो जपून ठेवता येतो, हललेला नाही. फोकस सिंगल पॉइंटवर, तुमच्या जवळच्या डोळ्यावर.

लेन्स घ्यायचीच झाली तर एकच, ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स. तुमची लेन्स ३५वर साधारण एफ/४.५पर्यंतच उघडते. १.८ म्हणजे सहापट उजेड. जिथे आयएसओ ६४०० लागतो तिथे साधारण १००० पुरतो. जुनी घेताना एक बघा: डी५६००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. एएफ-डी लिहिलेली लेन्स स्वस्त मिळते, बसतेही, पण ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस लिहिलेलीच घ्या. आणि मोबाइलची बॅटरी मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, तेही पाहा.

यवतेश्वर
क्लासबद्दल माझं मत थोडं वेगळं. बटणं शिकायला क्लास नको, ती पुस्तिकेत आहेत. पण आपले फोटो समोर ठेवून 'इथे का कापलं, हे खांब मागे का आले' असं विचारणारं कुणीतरी हवं, ते यूट्यूबवर मिळत नाही. साताऱ्यात चांगलं काम करणारे लग्नाचे फोटोग्राफर आहेत. सुगी नसताना त्यांच्या स्टुडिओत जाऊन दोन तास मागा, पैसे द्या. पुण्याच्या महागड्या कोर्सआधी हे करा.

कासला ऑनलाइन बुकिंग करून मधल्या वारी जा. गेंदाच्या फुलांची पांढरी चादर फोटोत राखाडीच येते, कारण कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सगळं मधल्या छटेला आणू बघतं. तेव्हा प्लस-मायनसचं बटण दाबून +०.७ करा, धुक्यात +१. वारा थांबत नाही, म्हणून फुलाच्या जवळच्या फोटोला शटर १/५०० तरी हवं. सीतेची आसवे अगदी जमिनीलगत असतात. डी५६००ची स्क्रीन बाहेर निघून वळते, कॅमेरा खाली धरून वरून बघता येतं, आडवं पडावं लागत नाही. लेन्स २५ सेंटिमीटरवर फोकस करते, तेवढं पुरतं. वाटेवरून मिळेल तेच फूल घ्या. चांगल्या फ्रेमसाठी लोक आत पाय टाकतात आणि बुटाखाली शंभर रोपं जातात, ते बघवत नाही.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं. थोडा वेळ बॅगेतच राहू द्या. आणि पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी फार.

गोडोलीकर
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! लेन्स तूर्त नको, ऑटो आयएसओ आजच लावते. दोन शंका. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढू की जेपीईजीमध्ये (नेहमीची तयार फाइल)? आणि माजघराची खिडकी पश्चिमेची आहे, चारनंतर ऊन थेट आजीच्या तोंडावर येतं.

माचीपेठ
दोन्ही एकत्र काढण्याची सोय आहे, तीच लावा. जेपीईजी घरच्यांना पाठवायला, रॉ जपून ठेवायला. रंगाचा तोल रॉमध्ये नंतरही नीट करता येतो, आणि डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

उन्हासाठी खिडकीला आजींचंच पांढरं सुती लुगडं किंवा मलमलचं पातळ कापड टांगा, एकेरी. ऊन गाळून येईल आणि सुरकुत्यांच्या काळ्या रेघा मऊ होतील. उजेड कमी होईल, आयएसओ आपोआप चढेल, चढू द्या. नाहीतर दोन ते साडेतीनमध्येच काढा, तेव्हा कापडही लागणार नाही.