स्थिरचित्र की निसर्गचित्र?

ताम्हण: एका लेखासाठी चित्रांखालच्या ओळी मराठीत करतेय. मार्टिन जॉन्सन हेड या अमेरिकन चित्रकाराचं १८७१चं चित्र आहे, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असतं. शेवाळलेल्या फांद्या, गुलाबी कॅटलिया ऑर्किड, घरट्यापाशी हमिंगबर्ड, मागे धुकट जंगल. मी 'स्थिरचित्र' लिहिलं, संपादकांनी खोडून 'निसर्गचित्र' केलं. मला पटत नाहीये, निसर्गचित्र म्हटलं की डोंगर, नदी, झोपडी डोळ्यासमोर येते आणि इथे फूल इतकं जवळ आहे की पाकळीची झालर दिसते. काय म्हणावं?

कुंचला: स्थिरचित्रच. इंटरमिजिएटला काय काढायचो आपण? तांब्या, दोन वांगी, मागे चुण्या पाडलेलं कापड. कुणीतरी मांडणी केलेली असते हा खरा मुद्दा. हेड हमिंगबर्डांसाठी ब्राझीलला गेला १८६३मध्ये आणि हे चित्र १८७१चं, म्हणजे समोर दिसलं तसं उतरवलेलं नाही, जुळवलेलं आहे.

बोरकाटा: जिवंत पक्षी आहेत त्यात, स्थिर कसं? फ्रेंच लोक तर 'नात्यूर मोर्त' म्हणतात, मेलेला निसर्ग! रुजलेल्या, वाढत्या फुलाला ते नाव लावणं अन्यायच आहे. सरळ 'पुष्पचित्र' म्हणा, आपला शब्द आहे.

कुंचला: पुष्पचित्रात फुलदाणीपण येते, मग फरक कुठे राहिला? आणि स्थिरचित्र काय परका शब्द आहे का, चित्रकलेचे सर रोज वापरतात.

रानवाटा: ताई, नाव काहीही द्या पण हमिंगबर्डचा शिंजीर करू नका, हे सर्रास चालतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत, आपल्याकडे एकही नाही. तो हवेत एका जागी थांबून मध पितो, मागेसुद्धा उडतो. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून पितो. आणि ऑर्किडला 'आमरी' लिहा.

सुपारीबाग: आमरी बोलतं कोण? मी हा शब्द फक्त पुस्तकात वाचलाय. आमच्याकडे आंब्यावर फुलते ती सीतेची वेणी, लांब घोस लोंबतो. आजोबा बांडगूळ म्हणून काढून टाकायचे, आजी भांडायची.

रानवाटा: आजी बरोबर! बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. सीतेची वेणी नुसती सालीला धरून राहते, तिची जाड पांढरट मुळं पावसाचं पाणी आणि हवेतली ओल घेतात, झाडाचं काही घेत नाहीत. हेडचा कॅटलियापण त्याच जातकुळीचा, झाडावर राहणारा. फुकट्या माणसाला बांडगूळ म्हणतो ते ठीक, पण ऑर्किडला कुणी म्हणालं की मला सहन होत नाही.

ताम्हण: छान माहिती, पण ओळीत काय लिहू? 'रानातलं स्थिरचित्र' चालेल?

कुंचला: चालेल, दोन्ही अर्थ आले.

बोरकाटा: मला 'स्थिर' अजून खटकतंय. 'रानफुलांचं चित्र' का नको?

रानवाटा: रानफूल म्हटलं की लोकांना सोनकी, तेरडा आठवतो, कॅटलिया नाही.

सुपारीबाग: सीतेची वेणी कुंडीत जगते का हो? आमचा आंबा पडला गेल्या वादळात.

रानवाटा: कुंडीत माती घालून नको, कुजेल. लाकडाच्या ओंडक्याला सुतळीने बांधा आणि सावलीत टांगा.