मदत हवी आहे: हॉटेल कंपनी विलीन होताना साठलेले पॉइंट आधीच वापरून टाकावेत का?

नमस्कार. ज्या हॉटेलसाखळीचे सदस्यत्व माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे, ती एका मोठ्या कंपनीत विलीन होत आहे. 'आपले पॉइंट सुरक्षित आहेत' असे त्यांच्या ईमेलमध्ये ठळक अक्षरांत आहे; मात्र एका मोफत रात्रीसाठी लागणाऱ्या पॉइंटांची संख्या बदलू शकते, हे वाक्य अगदी तळाशी बारीक टायपात दिलेले आहे, आणि माझी खरी शंका त्याच वाक्याबद्दल आहे.

जुने उदाहरण पाहता, मॅरियट या हॉटेल कंपनीने सप्टेंबर 2016 मध्ये स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी विकत घेतल्यावर स्टारवुडच्या एका पॉइंटामागे मॅरियटचे तीन असा दर ठरला, ऑगस्ट 2018 मध्ये दोन्ही कंपन्यांच्या पॉइंट योजना एकत्र झाल्या आणि 2019 मध्ये त्यांना 'बॉनवॉय' हे नाव मिळाले. तिप्पट हा आकडा दिसायला घसघशीत असला, तरी खोलीचा भावही नव्या पॉइंटांतच मोजला जाणार असल्याने त्यावरून काहीच कळत नाही. पुढे 2022 मध्ये ठरावीक दरांचा तक्ताच गेला आणि मागणीनुसार बदलणारे दर आले.

त्या काळात स्टारवुडचे सदस्य असलेल्यांना, विशेषतः कामानिमित्त सतत प्रवास करणाऱ्यांना, विचारायचे आहे: विलीनीकरणापूर्वी केलेली मोफत रात्रींची आरक्षणे जुन्याच दराने पाळली गेली का? आजीवन दर्जासाठी (म्हणजे कायमस्वरूपी वरच्या श्रेणीच्या सदस्यत्वासाठी) जुन्या मुक्कामाच्या रात्री धरल्या गेल्या का? नाव किंवा ईमेल पत्ता दोन्ही खात्यांत वेगळा असल्यास खाती जोडताना कोणती कागदपत्रे मागतात, हेही कृपया सांगावे.