बीपी-शुगरवाल्या फौजींना अपंगत्व पेन्शन का द्यायची?

हवालदार_सातारा: काल इथे एकाने लिहिलं, "बीपी-शुगर घरी बसलेल्यालाही होते, त्याची पेन्शन कशाला?" भरतीला दातापासून तळपायापर्यंत तपासून घेता, तेव्हा पोरगा धडधाकट. मग निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात 'सेवेशी संबंध नाही' कसं? सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलंय, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असंच धरायचं. नाही म्हणायचं तर कारण बोर्डाने लिहायचं.

लेखापाल: ते वाक्य माझं आणि मी मागे घेत नाही. तो निकाल 1982 च्या नियमांवरचा आहे, 2023 ला नियम बदललेत. का बदलले? महालेखापरीक्षकांचा अहवाल बघा. अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त! बंकरमध्ये जवान आणि आजारी साहेब?

मेजर_निवृत्त: अर्धवट वाचून बोलू नका. जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी जातो, अधिकारी पन्नाशी ओलांडतो. वयाबरोबर आजार येणारच.

हवालदार_सातारा: मेजरसाहेब, माफ करा, पण वय हेच कारण असेल तर ती नोकरीची देणगी कशी? जवानाला मात्र बोर्ड काय लिहितंय हेसुद्धा कुणी समजावत नाही, सही घेतात आणि पाठवतात.

मेजर_निवृत्त: माझ्या पलटणीत असं झालेलं नाही. सगळ्या अधिकाऱ्यांना एका माळेत ओवू नका.

फौजीची_लेक: तुम्ही अधिकारी-जवान करत बसा. बाबांच्या बोर्डाच्या कागदावर कारण म्हणून एकच ओळ होती: 'आजार पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) सुरू झाला.' ते ग्लेशियरवरून तिथे आले होते, त्याचा उल्लेखच नाही. 30 टक्के अपंगत्व लिहिलं आणि पेन्शन शून्य. अपील फेटाळलं. शेवटी मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणाने दिली, 30 टक्के अपंगत्व पेन्शनसाठी 50 टक्के धरून. तोवर गोळ्यांचा खर्च आईने शिवणकामावर काढला.

लेखापाल: ग्लेशियरवाल्यांना द्या, त्याला माझी ना नाही. पण बाकीच्यांची कसून तपासणी व्हायलाच हवी.

फौजीची_लेक: तपासणी करा की! पण पोस्टिंगचा पूर्ण तक्ता समोर ठेवून करा आणि कारण लिहून द्या. इतकंच मागतोय.

हवालदार_सातारा: 2023 च्या आधी बाहेर पडलेल्यांना जुनेच नियम लागतात. ज्यांचं नाकारलंय त्यांनी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागवा, मला निरोप टाका.