मदत हवी आहे: पगाराची तारीख 5 वरून 20 वर नेली, मालकाला असं करता येतं का?

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर आहे, सहा हंगाम झाले. महिन्याच्या पगारावर आम्ही अठरा जण. रेच्यावरचे (कापसातून सरकी काढायच्या यंत्रावरचे) आणि गाठी बांधणारे रोजंदारीचे, त्यांचा हिशोब बाजाराच्या दिवशी होतो.

आजवर पगार 5 तारखेला खात्यात यायचा. डिसेंबरात काट्याच्या खोलीत एक कागद चिकटवला, ‘यापुढे पगार दर महिन्याच्या 20 तारखेला होईल.’ खाली सही नाही, शिक्का नाही. विचारलं तर मॅनेजर म्हणे, “गाठींचे पैसे उशिरा येऊन राहिले, समजून घ्या न जी.” डिसेंबरचा पगार 21 जानेवारीला पडला.

गाडीचा हप्ता 10 तारखेला कटतो. खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला, बँकेने 590 रुपये कापले. बायकोच्या बचत गटाची बैठक 12 ला होती. तिच्या वाटचे पैसे गटातल्या बायांनी आपसात जमवून भरले. ती घरी आली आणि न जेवताच निजली. किराणावाल्याचं सोडा, तो ओळखीचा आहे.

आणखी एक गोष्ट मनात खुपून राहिली आहे. पगारपत्रकावर आमच्या सह्या 7 जानेवारीलाच घेतल्या. तारखेचा रकाना कोरा होता. मी सही केली. आता पैसे उशिरा मिळाले हे कसं दाखवू? आणि बोललो तर पुढच्या हंगामात बोलावणार नाहीत, ही भीती सगळ्यांनाच आहे. कोणाला माहिती असेल तर सांगा.

प्रतिसाद

भाऊ, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची 7 तारीख संपायच्या आत द्यावाच लागतो. वेतन संहिता 2019 मध्ये तसं स्पष्ट आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. त्याआधीच्या 1936 च्या वेतन कायद्यातही हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला 7 तारीखच होती. म्हणजे 5 ची 7 केली असती तर फार बोलता आलं नसतं, पण 20 कुठंच बसत नाही. व्यापाऱ्याकडे पैसे अडकले, ही मालकाची अडचण. ती कामगाराच्या पगारावर टाकता येत नाही.

शिवाय पगाराचा कालावधी आणि तो देण्याची पद्धत बदलायची तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तुमचा बदल त्यातच मोडतो असं माझं मत आहे. बिनसहीचा कागद ही नोटीस नव्हे. त्याचा फोटो मात्र आजच काढून ठेवा, उद्या तो भिंतीवर नसेल.

सहीची काळजी करू नका. पगार बँकेत येतो ना? पासबुकात 21 जानेवारी छापलेली आहे, तोच पुरावा. यापुढे सही करताना शेजारी आपल्या हाताने तारीख लिहा आणि ‘रक्कम अद्याप मिळाली नाही’ एवढं लिहा. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते, दरवेळी तेवढी मिळेलच असं नाही. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका, सगळ्यांच्या सह्यांचा करा.

धागाकर्ता

खूप आभार दादा. काल जानेवारीच्या पत्रकावर सही करताना 7 फेब्रुवारी लिहिलं आणि ‘रक्कम मिळाली नाही’ हेही लिहिलं. मुनीमजींनी वही ओढून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्याला हाक मारली. त्यानेही तारीख लिहिली. अर्जावर सही करायला अठरापैकी अकरा जण तयार आहेत, त्यात आमचे म्हातारे वॉचमनकाकाही आले, याचं मला फार बरं वाटलं.

आता एवढंच सांगा, अर्ज आधी मालकाला देऊन पोच घ्यावी, की सरळ वर्ध्याच्या कामगार कार्यालयात जावं? जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आधी विचारतो.